लाल कांड्या आणि पुढं बघणं

वडगाव, रविवार, दिवेलागण

पहिली टपकली ती शेजारची गौराक्का. माझी लेक सुरेखा नि नात ईरा बंगळूरहून यायच्या आधीच चहाला हजर! म्हणाली, "म्हातारे, हसू आवर की गं जरा." कशाला आवरू? दिवाळीनंतर आज आलत्या पोरी.

ईराला शाळेत इंग्रजी शब्दांच्या जोड्या शिकवतात. एक मला सांगितली, 'लुक फॉरवर्ड टू'. आधी त्याचा अर्थ नुसतं पुढं बघणं एवढाच होता म्हणे. मग लोक बघत बघत आनंदानं वाट बघायला लागले, तसा अर्थही बदलला. इंग्रजांच्या म्हाताऱ्या पण दारात बसत असतील काय?

"आजी, तू असं करतेस?" पोरीनं विचारलं. मी बोलायच्या आधी माझा ल्योक हातमागावरनं वरडला, "करती तर! सकाळधरनं डोळं रस्त्याकडं. मागावर हिरवी साडी, आन् हिनं टोपलंभर कांड्या लाल सुताच्या भरून ठेवल्यात!"

लाजच वाटली. पन्नास वर्षं मागाच्या आडव्या सुताच्या कांड्या भरते, रंग कधी चुकला नव्हता. ईरानं त्यातली एक लाल कांडी दप्तरात टाकली. "बाईंना दाखवते, हा अर्थ म्हणून."

एक रात्र तरी ऱ्हावा म्हटलं, पण उद्या शाळा. संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. सुरेखाचा पदर उगंच धरून ठेवला मी. खरंच येतील न्हवं?

नागपंचमीच्या आदल्या दिवशी येतो म्हणाल्यात, चार दिवस मुक्कामाला.