गिरिजाअक्काची निळी घागर

हुबळी, शुक्रवार, १२ जुलै २०१९

तीन शुक्रवार कमरीपेठेत घरोघरी डासांच्या अळ्या शोधतेय, पण गिरिजाअक्काच्या निळ्या घागरीवरचं विरलेलं फडकं कधी उचललं नाही. "रिकामी आहे ग," ती म्हणायची, आणि मी फॉर्मवर तसंच लिहायचे. न बघता कसं लिहिलं मी?

आज तिच्या शेजारच्या पोरीला डेंगी निघाला, तेव्हा ते फडकं उचललं. घागर काठोकाठ भरलेली, आत अळ्या वळवळत होत्या.

"ह्यांनी भरलेलं शेवटचं पाणी आहे ते," अक्का म्हणाली. तिचे यजमान, अण्णा, जाऊन महिना झाला. माझ्याच्यानं ओतवेना. शेवटी तिनंच घागर उचलली, पाणी जास्वंदीला घातलं आणि घागर माझ्या हातात दिली.

"पुढच्या वेळी नळ आला की तू भर. झाकण घेऊन ये."