फुप्फुसं स्वच्छ आहेत!

प्रिय राजदीप,

जयभीम. बाकीची विचारपूस मागाहून, आधी बातमी ऐक. माझी फुप्फुसं स्वच्छ आहेत! नागपूरहून परतताना अख्ख्या एसटीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. शेवटी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलंच, तर तिनं मला संत्रं सोलून दिलं.

थंडीत पांढरी पडणारी माझी आखडलेली बोटं तुला ठाऊक आहेत. पण स्क्लेरोडर्माचं खरं भय मी तुला कधी सांगितलं नव्हतं. हा आजार कातडीसारखीच फुप्फुसंही घट्ट करू शकतो. मग चार पावलं चाललं तरी धाप लागते. ज्यांची कातडी दंडावर, छातीवर आवळत जाते, ज्यांच्या रक्तात एक ठरावीक अँटिबॉडी सापडते, त्यांना हा धोका जास्त. माझ्यात दोन्ही आहेत. त्यात सुरुवातीची वर्षं सगळ्यांत जोखमीची. गेल्या हिवाळ्यात तुझ्या गॅरेजवरून मी तडक मारेगावची गाडी पकडली, ती या भीतीनं.

परवा नागपूरच्या दवाखान्यात नळीत फुंकायला लावलं. तपासणारा ओरडतोय, "अजून, अजून, सोडू नका!" आणि दाराशी उभी आई माझ्याबरोबर गाल फुगवून फुंकतेय! मग स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका आहे म्हणजे आजार झालाच, असं नाही. पण तपासणी चुकवायची नाही, छातीतली जळजळ अंगावर काढायची नाही, आणि धूळ-धुरापासून लांब राहायचं." आई म्हणाली, "मी म्हनत होती ना, माह्या पोरीले काई नाही होत!" आणि तिथंच रडायला लागली.

धूळ हा शब्द ऐकला आणि मला तुझी वणीची खोली आठवली. दारावरून कोळशाचे ट्रक जातात, सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी होते. त्या दिवशी गॅरेजवर तू लग्नाचं विचारलंस, त्याचं उत्तर द्यायला हे पत्र. हो, राजदीप. हो! पुढं काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण आता मी भिऊन पळणार नाही. फक्त मी वणीला नांदायला येणार नाही, तूच मारेगावला ये. इथं बसस्टँडजवळ गॅरेजला जागा पाहून ठेवलीय. लोक घरजावई म्हणतील, म्हणू देत. आईला विचारलं, तर म्हणे, "त्याले म्हन, कायले थांबून राह्यला? रविवारी ये जेवाले."

येशील ना?

तुझीच (हे आज पहिल्यांदा लिहितेय),
ममता