कोवळ्या कातडीला ऊन

शिरूर अनंतपाळ
दि. ९ एप्रिल २०१६

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. सिंधुस शिवगंगावहिनीचे आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल हावोत असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. खुशाल कुणीच न्हाई. तुझे फोन मी मुद्दाम घेत न्हाई. फोनवर तू डॉक्टरीण होतीस आणि वहिनी आधी ऐका म्हणून मला गप करतीस. कागदावर तुला मधी बोलता येत न्हाई.

तू माझ्या लेकीचं तोंड जाळलंस. लीला तुझ्याकडून नांदेडहून आली तवा तोंड नुसतं लाल होतं, ताणल्यागत. दोन-तीन दिवसांनी नाकाच्या कडंनं, हनुवटीला पापुद्रे सुटाय लागले, जुन्या भिंतीचा चुना सुटतो तसे. मी विचारलं तर म्हणे आत्यानं सांगितलंय, असंच होतंय. आता पापुद्रे गेले आणि खालून काय निघालं? दोन्ही गालांवर काळे चट्टे. आधी पुटकुळ्यांचे बारके डाग होते ते लाख पटीनं बरे होते.

शेजारच्या पारूबाईनं विचारलं की पोरीला कशानं पोळलं. ही खुळी सांगून बसली, आत्यानं ॲसिड लावलं. आता गावभर तेच. ॲसिडनं आम्ही मोरी धुतो, सिंधु. तू सख्ख्या भाचीचं तोंड धुतलंस.

पुढच्या रविवारी उदगीरचे गुंडप्पा सहकुटुंब बस्त्याला येणार हायेत. लग्न मे महिन्यात हाय हे तुला ठाऊक. एकुलता सिद्धराम तहसीलीत कारकून. उदगीरचा जिल्हा झाला की पोरगं कलेक्टर कचेरीत बसणार, असं गुंडप्पा आत्ताच मिशीला हात लावून सांगत फिरतात. असली सोयरीक हातची गेली तर मी तुझं नाव घेऊन रडीन.

तू औरंगाबादला शिकत होतीस तवा तुझ्या आईची उस्तवार मी केली. त्याची फेड चांगली केलीस. तुझे दादा म्हणतात, जाऊ दे. ते सगळ्यालाच जाऊ दे म्हणतात.

लोभ ठेवायचा का न्हाई ते अजून ठरलं न्हाई.

शिवगंगा


नांदेड
दि. १३ एप्रिल २०१६

ती. सौ. वहिनीस,
सिंधुचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कागदावर मला मध्ये बोलता येत नाही हे खरं. तुम्हालाही येणार नाही, तेव्हा या वेळी शेवटपर्यंत ऐकून घ्या.

ॲसिड म्हणजे सगळं मोरीतलंच नसतं. लीलाला लावलं ते उसात सापडतं त्या जातीचं, तेही मोजून सौम्य केलेलं. चेहरा स्वच्छ पुसायचा, ब्रशनं लावायचं, कातडीवरून नजर हटवायची नाही, आणि लाली धरायला लागली की उतारा लावून थंड पाण्यानं तिथंच थांबवायचं. मिरचीचा हात लागल्यासारखं चुरचुरतं. लीलाला चुरचुरलं, ती पंख्यासमोर तोंड धरून हसत बसली होती. त्यानं कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेला थर सैल होतो. मग चेहरा ताणतो, खडबडीत होतो, पापुद्रे सुटतात. ते आपापले पडू द्यायचे असतात. खालून नवी कातडी येते आणि डाग थोडा फिका होतो. थोडाच. म्हणून मध्ये काही आठवडे सोडून पुन्हा करावं लागतं.

हिवाळ्यात दोनदा केलं, त्याच्या आधी क्रीम लावून कातडी तयार करून घेतली. तेव्हा काही झालं? तेव्हा तुमचाच फोन आला होता की डाग दिसेनासे झालेत, आता लग्नाआधी अजून एक कर, जरा उजळ निघू दे. मी त्याच दिवशी सांगितलं होतं की मी डाग कमी करते, रंग बदलत नाही. पोरीचा रंग आपल्या सगळ्यांसारखाच आहे आणि त्याला काही झालेलं नाही.

आता चट्ट्यांचं. नवी कातडी कोवळी असते. आपल्यासारख्या सावळ्या माणसात कातडीला रंग देणाऱ्या पेशी फार लवकर चिडतात. ऊन लागलं, घासलं, ओरबाडलं, की त्या दुप्पट रंग ओततात. म्हणून लीलाला बजावलं होतं की उन्हात जायचं नाही, जावं लागलंच तर क्रीम लावून, तोंड झाकून. चेहऱ्याला साध्या पाण्याशिवाय काही लावायचं नाही, पापुद्रा ओढायचा नाही.

तिनं फोटो पाठवलाय. चट्ट्यांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत. आपोआप पडलेल्या कातडीखाली असं दिसत नाही. कुणीतरी ती सोलून काढली आहे. कोणी, ते तुम्ही मला कळवा.

माझ्या आईचं तुम्ही केलंत. ते दर भांडणात काढायचं असेल तर काढा, मी नाही म्हणणार नाही. पण त्यानं लीलाचं तोंड बरं होणार नाही. तिला इकडं पाठवा.

राग आवरला तर लोभ असू द्यावा.

सिंधु


शिरूर अनंतपाळ
दि. २० एप्रिल २०१६

सौ. सिंधुस आशीर्वाद. वि. वि.

उन्हात जायचं न्हाई म्हणे! तुमच्या नांदेडला विष्णुपुरी धरणाचं पाणी तोटीला येतंय, तुला काय कळणार? लातूरला रेल्वेनं पाणी आणायलेत, पेपरात वाचलंच असशील. इथं टँकर येतो तो भर दुपारी, तेही डायवरच्या मर्जीनं. आला की सारी गल्ली पाइपावर तुटून पडती. माझे गुडघे गेलेले, तुझे दादा बायकांच्या गर्दीत घुसत न्हाईत. मग घागर कुणी धरायची? लीला तोंडाला स्कार्फ बांधून जायची. ढकलाढकलीत स्कार्फ राहतो का? पाणी का स्कार्फ, एकच काहीतरी धरता येतं.

आणि सोलून काढली म्हणतीस तर हाव, मीच. पाव्हणे यायचे आणि पोरीच्या गालावर पापुद्रे लोंबायलेत. मी बेसनात लिंबू पिळलं, हळद घातली आणि चांगलं घासलं. ती वरडली. बाळ असताना याच हातानं तिला रोज घासलंय, तवा काय झालं न्हाई. मला कोण सांगितलं होतं? तू लीलाला सांगितलंस. आईला फोन करून सांगायला तुझी जीभ झिजत होती का?

रविवारी ते आले. गुंडप्पाची बायको नागुबाई, तिनं लीलाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, बाजारात बैलाचं बघतात तसं. मग विचारलं, हे कोड तर न्हाई ना, घराण्यात कुणाला हाय का. मी सांगितलं की कोड पांढरं असतंय, हे काळं हाय. तर म्हणे काळ्याचं पांढरं व्हायला काय वेळ लागतो. बस्त्याची गोष्ट कुणी काढलीच न्हाई. गुंडप्पा जाताना म्हणाले, जिल्ह्याचं एकदा जाहीर होऊ द्या, मग तारखेचं बघू. जिल्ह्याचा आणि माझ्या लेकीच्या गालाचा काय संबंध ते मला कळत न्हाई असं त्यांना वाटतं.

सिद्धराम सारा वेळ मोबाईलमधी तोंड घालून बसला होता.

आता तूच केलंस, तूच निस्तर. लीलाला चांगलं जालीम औषध लावून लग्नाआधी तोंड साफ करून दे. आणि उदगीरला जाऊन त्यांच्यापुढं सांग, न्हाईतर सही-शिक्क्यानं लिहून दे, की हा रोग न्हाई.

बाकी लिहिण्यासारखं राहिलं न्हाई.

शिवगंगा


नांदेड
दि. २५ एप्रिल २०१६

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चिडलेल्या कातडीवर पुन्हा जालीम औषध लावलं तर आज चट्टा आहे तिथं उद्या कायमचा व्रण राहील. ते मी करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून कराल तर मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. हे डाग जातील, पण त्यांच्या चालीनं. सावली, उन्हाचं क्रीम, रात्री लावायचं एक मलम, आणि काही महिने. लग्नाच्या तारखेची कातडीला खबर नसते.

उदगीरला मी जाणार नाही. लिहूनही देणार नाही. कोड नाही हे मी जगाला सांगेन, पण बैलाचे दात मोजल्यासारखी जिची हनुवटी धरली, ती निरोगी आहे असा दाखला मी धरणाऱ्याच्या हातात देणार नाही. उद्या तिचे गुडघे विचारतील, मग गर्भाशय विचारतील. मी किती दाखले लिहू?

तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणता. लीला बावीस वर्षांची आहे, बी. एड. झालेली आहे. तिच्या चेहऱ्याचं मी तिला सांगितलं.

कळावे.

सिंधु


शिरूर अनंतपाळ
दि. ३ मे २०१६

ती. आत्यास,
लीलाचा सा. न. वि. वि.

तुझी पत्रं आई मला दाखवत नव्हती. काल मीच मागून घेतली आणि सगळी वाचली. हे पत्रही लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवणार आहे, कारण ते दोघींना आहे.

तुम्ही दोघी माझ्या तोंडावरून भांडताय आणि त्या तोंडाला कुणी काही विचारत नाही. आत्या, तू मला विचारलंस की उन्हात जाणार नाहीस ना, मी नाही म्हटलं. तुला माहीत नव्हतं का मी कुठं परत चाललेय? तू याच घरात वाढलीस. मार्चअखेरीला शिरूरला पाठवलेली पोर सावलीत बसेल, हे तुला खरं वाटलं? आणि आईला मी हात जोडून सांगत होते की घासू नको. तिनं माझं डोकं गुडघ्यात दाबून धरलं होतं. दोघींनाही माझं भलंच करायचं होतं, त्यानं आग कमी झाली नाही.

गेल्या शुक्रवारी मी कुणाला न सांगता उदगीरला गेले. सिद्धरामला तहसीलीबाहेर बोलावलं. लिंबाच्या झाडाखाली मी स्कार्फ सोडला आणि म्हटलं, नीट बघा, हे उन्हाचे आणि घासल्याचे डाग आहेत, काही महिन्यांनी जातील, तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही सांगा. तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, आई म्हणेल तसं. मी पुन्हा विचारलं की तुम्ही काय म्हणता. तो म्हणाला, तोंड बरं झाल्यावर ये ना, मग बोलू.

आत्या, त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. टेबलावर अर्ज ठेवून जा म्हणतात तसा साधा आवाज होता. म्हणून जास्त लागलं.

साखरपुड्याची साडी मी पिशवीत नेलीच होती. ती त्याच्या हातात दिली आणि पावणेचारच्या एस.टी.त बसले. खिडकीला ऊन होतं. स्कार्फ बांधला, क्रीम लावलं, आणि सगळ्या वाटेत रडले. निलंग्याची एक बाई शेजारी होती, तिनं मला संत्र्याच्या फोडी दिल्या आणि काही विचारलं नाही.

मलम पोस्टानं पाठव. आत्ता मला तुझ्याकडं यायचं नाही, इथं आईजवळही बसवत नाही. पण टँकरला आता आई आणि अप्पा जातात, मला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. अप्पा परवा बायकांच्या घोळक्यात घागर घेऊन उभे होते, मान खाली घालून.

माझ्यावर लोभ करायचा तर आधी विचारून करा.

लीला


शिरूर अनंतपाळ
दि. २० ऑक्टोबर २०१६

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. सिंधुस आशीर्वाद. वि. वि.

सहा महिने मी तुला लिहिलं न्हाई आणि लिहिणार नव्हते. राग गेला असं समजू नकोस. तू लीलाला मलम पाठवत राहिलीस ते मला ठाऊक हाय, पाकिटं मीच सही करून घ्यायची. पाकिटात माझ्यासाठी एक ओळ टाकली असतीस तर हात मोडला नसता.

लीलाचं तोंड निवळलं. उजव्या गालावर जराशी सावली हाय, ती बी जवळून बघितलं तरच. रंग हाय तोच हाय.

लिहायचं कारण असं की परवा गुंडप्पा आणि नागुबाई आले. न बोलावता. पाऊस बरा झाला, पिकं बरी हायेत, असल्या गोष्टी करत बसले. जिल्ह्याचं काय झालं असं तुझ्या दादांनी विचारलं, तर गुंडप्पांनी मिशीला हात लावला न्हाई. मग नागुबाईनं काढलं. म्हणे आमच्या कानावर आलंय की पोरीचं तोंड साफ झालं, झालं गेलं विसरू, एकदा पोरगी दाखवा, दिवाळीनंतर उरकून टाकू.

लीला आतच होती, सोयाबीन निवडत. सिंधु, खरं सांगते, एक घडी माझ्या मनात आलं की हाक मारावी. असं लख्ख तोंड मी किती दिवस देवाजवळ मागितलं होतं. हाक माझ्या तोंडापर्यंत आली. तेवढ्यात नागुबाईनं दोन बोटं पुढं करून हवेत अशी धरली, हनुवटी धरायच्या तयारीनं.

मी सांगितलं, न्हाई, डाग गेले न्हाईत. उलट वाढले. कपाळावर बी आलेत. आमच्या वन्सं नांदेडला कातडीच्या मोठ्या डॉक्टरीण हायेत, त्यांनी हात टेकले. हे असं जन्मभर राहणार म्हणतात.

त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. तुझे दादा माझ्याकडं बघतच राहिले. या खेपेला त्यांनी जाऊ दे म्हणलं न्हाई, आपण होऊन फाटकाची कडी लावून आले.

तुझ्या नावानं खोटं बोलले. कुणी उदगीरहून फोन केला तर तेच सांग.

लीलाला विष्णुपुरीजवळच्या शाळेत जागा मिळाली. दिवाळी झाली की सोमवारच्या सकाळच्या गाडीनं ती येणार हाय. तुझ्याकडंच राहील, तिनं तसं ठरवलंय, मला नुसतं कळवलंय. तिला ज्वारीची भाकरी लागती, सकाळी लवकर उठवावं लागतं, आणि रागावली की दोन दिवस बोलत न्हाई.

ठेवून घे. तिच्या तोंडाला हात लावायचा न्हाई.

शिवगंगा