घरातलं मोठं माणूस

अप्पा, परवा तुमच्या बैठकीवर मैंदर्गीची माणसं बसली होती. अक्काच्या मुलीला मागणी घालायला आली होती. तुम्ही गेल्यावर अक्का विधवा होऊन मुलीसह आपल्याकडे परतली. मुलगी आता बारा वर्षांची, शाळेत जाते. नवरदेव तिच्या दुप्पट वयाचा. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं कानडीत विचारलं, "मनी हिर्यार यार्री?" घरातलं मोठं माणूस कोण, एवढाच प्रश्न. थोरला मुलगा मी, चाळिशी ओलांडलेला. पण मी दारात, माझ्या युवक संघाच्या पोरांत उभा होतो, आणि सगळ्यांच्या नजरा धाकट्या भावाकडे वळल्या. "बोला, मी हाय की," तो म्हणाला. "अण्णा अजून तरुण हायत. संघाचे अध्यक्ष हायत!" बैठक खो खो हसली.

तुम्हीही एकदा स्वयंपाकघरात भाकरी मोडता मोडता विचारलं होतं, "तुझं तरुणपण कवा सरणार रं?" "देश स्वतंत्र होईल तेव्हा!" मी गरजलो होतो. सभेत या वाक्याला टाळ्या पडत. तुम्ही आईकडे ताक मागितलंत. स्वातंत्र्याबद्दल माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही, अप्पा. पण त्या वाक्याच्या आडोशाला मी वर्षानुवर्षं आयतं जेवलो. धाकट्यानं दुकान सांभाळलं, मी व्यासपीठं.

परवा बैठकीतलं हसू ओसरतं, तसा मी पुढं होऊन बालविवाहाविरुद्ध बोलू लागतो. म्हातारा शांतपणे ऐकून घेतो. "लई झ्याक बोलता," तो म्हणतो. "पण आमी उठून गेल्यावर पोरीला सांभाळणार कोण? तुमी?" अक्का दाराआड उभी आहे. धाकटा माझ्याकडे बघत नाही. इतक्या सभा गाजवल्या, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "मी," मी पुटपुटतो. "मोठ्यानं बोला की," म्हातारा म्हणतो. "मी सांभाळणार. ती शाळेत जाईल. लग्न आता होणार नाही."

पाहुणे उठून गेले. धाकट्यानं दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे आपटल्या. "मग उद्यापास्नं दुकान तुमी उघडा. तितं भाषण चालत न्हाय."

उघडलं. संघाचं अध्यक्षपदही सोडलं. हे पत्र कुठं धाडणार? इथंच दुकानातल्या गादीखाली सारून ठेवीन. आज दुपारी नुकतंच मिसरूड फुटलेला एक मुलगा धोतरजोडी बघायला आला. "काका, जरा रुंद काठाची दाखवा," म्हणाला. दाखवली. पण अप्पा, ते 'काका' ऐकून मला त्याचा भयंकर राग आला होता.