जाणाऱ्यांचं फडताळ

सोमवार, १४ जुलै

दहा दिवस तोंड उघडायचं नाही, असा शब्द उर्मासने, माझ्या नवऱ्याने, विमानतळावर माझ्याकडून घेतला, म्हणून हे लिहायला बसले. लिहिलं नाही तर बोलेन, आणि मी बोलले की केर्तू उठून जाईल. त्याचं म्हणणं असं की, यावेळी उठली तर मुलगी कायमची गेली समज.

गेल्या वर्षी केर्तू औषधशास्त्राचा अभ्यास अर्धवट टाकून ऑस्ट्रेलियात आली. हिंडायचं, पैसे संपले की काम करायचं, परत हिंडायचं. या वयाच्या पोरांना त्यासाठी वेगळा परवानाच मिळतो म्हणे! सध्या क्वीन्सलंडमध्ये स्ट्रॉबेरी तोडते आहे. कॉलेजने तिची जागा राखून ठेवली आहे, पण सप्टेंबरपर्यंतच. मी तिला न्यायला आले आहे. तिचं तिकीट माझ्या पर्समध्ये आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. आमच्या गावातलं, व्हिल्यांदीतलं, माझं औषधांचं दुकान पुढे तिनेच चालवायचं, हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं आहे. माझे गुडघे आता काउंटरमागे उभे राहत नाहीत.

ही मुलं जिथे राहतात त्याला वसतिगृह म्हणतात. गोठा म्हटलं असतं, पण आमच्याकडचे गोठे रोज धुतात. एका खोलीत एकावर एक पलंग. शेगडीवर दोरी, दोरीवर ऑर्नेलाच्या चड्ड्या. ही केर्तूची इटालियन मैत्रीण. मोरीच्या जाळीत केस आणि शेवया एकमेकांत गुंतलेल्या. शेतातले बूट घालून सगळे थेट स्वयंपाकघरात! आमच्याकडे तपासायला आलेला डॉक्टरसुद्धा दारात बूट काढतो.

केर्तू वाळली आहे. नखांच्या कडा काळ्यालाल.

मंगळवार, १५ जुलै

पाऊस. पाऊस असला की तोडणी नाही. मुलं दिवसभर ओल्या अंथरुणांत लोळत पडली. टॉवेलांना नासक्या दुधाचा वास. केर्तूला जेवलीस का विचारलं, हो म्हणाली. काय जेवली ते दिसलं नाही.

बुधवार, १६ जुलै

पोरं कपडे धुवायला गावात गेली होती. मी बाह्या सरसावल्या.

फ्रिजशेजारी एक बिनदाराचं फडताळ आहे. आत जे होतं ते लिहितानाही मळमळतं. तेलाची बाटली, तिला केस चिकटलेले. शेंगदाण्याच्या लोण्यात कोणाकोणाच्या सुरीचे माग. पिठात मुंग्या. आणि मोज्यात बांधलेला तांदूळ! मोज्यात! सगळं पिशव्यांत कोंबून मागच्या डब्यात टाकलं आणि वरून ब्लीच ओतलं. मुदत संपलेली औषधं आम्ही अशीच निकामी करतो, म्हणजे कोणी उचलून वापरू नये. मग फडताळ घासलं, फरशी घासली. आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी सगळे परतले. ऑर्नेला फडताळापुढे उभी राहिली, आत बघितलं आणि निघून गेली. मग दुसरं कोणी आलं, तेही तसंच. केर्तूने मला बाहेर ओसरीत बोलावलं.

"आई, तिथलं सामान कुठे आहे?"

"कचऱ्यात. ब्लीच ओतलंय वर, उंदीर येणार नाहीत."

ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. मग सांगितलं. इथून जो निघतो तो आपलं उरलेलं त्या फडताळात ठेवून जातो, आणि ज्याला काम नाही तो त्यातून खातो. दोन आठवडे पाऊस चालू आहे. काम नाही, पण पलंगाचं भाडं काही पावसासाठी थांबत नाही. ऑर्नेला त्यातूनच खाते. तैवानचे नवराबायको त्यातूनच खातात. "आणि तू?" मी विचारलं. ती कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली.

फोनवर मला सांगत होती, रविवारी आम्ही मासे करतो!

उर्मासला दिलेला शब्द तिथेच मोडला. "भिकाऱ्यासारखी कोणाच्या तरी मोज्यातला भात खातेस?"

"भिकाऱ्याला मागावं लागतं, आई. इथे मागावं लागू नये म्हणूनच ते ठेवलंय." आणि ती आत गेली.

गुरुवार, १७ जुलै

वसतिगृहाची मालकीण ग्लेनिस, तिने गाडीतून दुकानात नेलं. वाटेत म्हणाली, "माझं स्वयंपाकघर जन्मात इतकं स्वच्छ नव्हतं हो, बाई. आता पोरांना सांगते, फरशीच चाटा." सिगारेटचा धूर माझ्या तोंडावर. मी खिडकी खाली केली.

तांदूळ, पीठ, तेल, डबाबंद मासे, बटाटे, कांदे, खारवलेलं डुकराचं मांस, जवसुद्धा मिळाले. फडताळ भरलं. लेबलं पुढे, ओळीत, दुकानात लावते तशी.

रात्रीच्या जेवणापर्यंत एका वस्तूलाही कोणी हात लावला नाही. ऑर्नेलाने पाणी उकळलं, त्यात मीठ घातलं आणि प्यायली. सूप म्हणून! तिच्या डोक्याच्या वर दोन हातांवर तांदळाची पिशवी आहे आणि ही बया खारं पाणी पिते आहे.

केर्तूला विचारलं. "जाणाऱ्याने ठेवायचं असतं, उरलेलं. तू विकत आणून मांडलंस. ते दान झालं."

म्हणजे केस चिकटलेलं तेल चालतं, कोरं चालत नाही. मुंग्या चालतात, माझा हात चालत नाही!

शुक्रवार, १८ जुलै

सकाळी उठून एकेक पाकीट फोडलं.

सर्वांत मोठं पातेलं घेतलं, आधी तासभर घासलं. आमच्याकडे करतात तशी बटाट्याची आणि जवाची लापशी केली. उकडून, घोटून, वर कांदा आणि मांस तळून. अर्धं सामान त्यात गेलं. उरलेल्याला रबरबँड लावून पाकिटं परत फडताळात ठेवली, आडवीतिडवी. तेलाची बाटली तेलकट हाताने धरली. पिठाच्या पाकिटाच्या तोंडाशी थोडं पीठ सांडू दिलं. चाळीस वर्षं औषधं मोजून देणारी बाई मी, मुद्दाम घाण करत होते. स्वतःची शिसारी आली.

पातेलं टेबलावर ठेवून म्हटलं, जास्त झालंय, टाकून द्यावं लागेल.

ऑर्नेला वाकून बघत म्हणाली, "सिन्योरा, हे खायचं की याने भिंत बांधायची?" मी म्हटलं, भिंतच बांधायची, पण पोटात. दोन ताटं भरून खाल्लं तिने. तैवानचा तो नवरा बोटाने पातेलं निपटत होता. त्याची नखं मी बघितली, आणि नजर दुसरीकडे वळवली.

नंतर फडताळातला तांदूळ कमी झालेला दिसला. केर्तू माझ्याकडे बघत होती. मग माझं ताट तिने धुतलं. धड निघालं नाही. मी परत धुतलं.

रविवार, २० जुलै

ऊन. उद्या काम आहे. आज बुटांचा चिखल खिडकीत वाळतो आहे, आणि आम्ही तिथेच जेवतो.

सोमवार, २१ जुलै

तिच्यासोबत शेतावर गेले. मीच हट्ट धरला. आता वाटतं, नसते गेले तर बरं.

पावसात सगळं फळ कुजलं होतं. प्रत्येकावर करडी लव. बोट लागलं की आतून गळतं. पहिल्या दिवशी तोडणी नसतेच, आधी कुजलेलं वेचून काढायचं, नाहीतर नवं फळही जातं. वास — आंबलेली दारू आणि ओकारी. एक नवीन मुलगी ओळीच्या टोकाला जाऊन ओकली. केर्तूचे हात कोपरापर्यंत बरबटलेले, म्हणून तिने मनगटाने त्या मुलीचे केस मागे धरले, काहीतरी पुटपुटली, आणि परत येऊन वाकली. मी रुमाल नाकाला लावून गाडीजवळ उभी.

जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन माझ्याजवळ बसली. मी तिकीट काढलं. सगळं बोलून टाकलं. कॉलेज, सप्टेंबर, दुकान, माझे गुडघे. तिने तिकीट बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं, येते.

"तुला इथली किळस येते ना?"

"येते."

"मलाही येते. रोज येते." पाव हातात तसाच. "तुझ्या दुकानात मला किळससुद्धा यायची नाही, आई. काहीच वाटायचं नाही. उभी असायचे नुसती."

"मग मला आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, सवय होईल."

मी तसं म्हणाले असेन. मी सगळ्यांनाच तसं म्हणते. गिऱ्हाइकांनाही, कडू औषध देताना.

तिने तिकीट परत दिलं, त्यावर डाग पडू नये म्हणून कडेला दोन बोटांत धरून. आणि ओळीत गेली.

बुधवार, २३ जुलै

निघाले. तिने मिठी मारली. अंगाला तोच वास. मी तोंड उघडलं नाही. आज शब्द पाळला, उर्मासला सांगता येईल.

विमानात शेजारची जागा रिकामी. सगळे म्हणतील, चांगलं झालं, पाय पसरता आले. पसरले नाहीत.

शुक्रवार, ५ सप्टेंबर, व्हिल्यांदी

दुकान हेलीला दिलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात ती पूर्वी कामाला होती. मुलगी नीटनेटकी आहे. उर्मास म्हणत होता, वर्षभर थांबू या. नको म्हटलं. हेलीने विचारलं, तुमची केर्तू येणार होती ना? म्हटलं, तिला काम आहे.

हातात दिलं ते असं: पुढच्या आणि मागच्या दाराच्या किल्ल्या. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली, वेगळी. तराजू. आणि केर्तू कॉलेजात गेली तेव्हा तिच्या मापाने शिवून घेतलेला पांढरा कोट, न घातलेला. हेलीला बाह्या लांब होतात. दुमडून घेईन म्हणाली.