अप्पांची कॅसेट आणि माझी सिस्टिम

४ जानेवारी १९८६, शनिवार, सकाळी ९
नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन माणूस. घरातली ऑफिसची खोली महिनाअखेर चकाचक करणार. विनीताला तसं जाहीर केलं. ती म्हणाली, खोली राहू दे, आधी अप्पांची कॅसेट शोध. बायकोला प्लॅनिंग हा प्रकारच झेपत नाही.

नागपूरहून बहिणीचं, सुलभाचं पत्र आलंय. मार्चमध्ये अप्पांचं वर्षश्राद्ध. आईला एकदा त्यांचा आवाज ऐकायचाय, रोज विचारते म्हणे. अप्पा मशीनसमोर बोलायला लाजायचे. जन्मात एकदाच बोलले, गेल्या वर्षी, माझ्यासाठी. ती कॅसेट इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, माझ्या खोलीत. १ मार्चला इथल्या शरयूकाकू इंडियाला निघतायत, त्यांच्याबरोबर पाठवायची. दोन महिने आहेत. खोली आवरली की आपोआप सापडेल.

मी ऐकलीय ती, अर्थात. बरीचशी.

५ जानेवारी
खोलीत गेलो. दोन मिनिटांत बाहेर. आत फार गारठा.

११ जानेवारी, दुपारी
फिरती खुर्ची दाराकडे तोंड करून होती. मी टेबलाकडे वळवून ठेवली होती, शंभर टक्के. ’८३ साली अप्पा सहा महिने याच खोलीत राहिले. संध्याकाळी असेच दाराकडे तोंड करून बसायचे, मी कामावरून कधी येतो ते बघत. जमीन उतरती असणार. पाणसळ लावून पाहिली. जमीन सरळ निघाली. पण पाणसळ जुनी आहे.

१८ जानेवारी
कामावर एक फायलिंग कॅबिनेट टाकून देत होते, ते घरी आणलं. आवरायचं तर आधी फर्निचर नको का? आता खोलीत तिरकं होऊन शिरावं लागतं. टेम्पररी.

२५ जानेवारी, सकाळी ११
आत कुणीतरी खाकरलं. दोनदा. अप्पा आत येऊ का विचारण्याऐवजी खाकरायचे, तसं. घर तापवणारी फर्नेस असेल. माझ्या तोंडून ‘या ना’ निघून गेलं. नशीब, कुणी ऐकलं नाही.

१ फेब्रुवारी
ब्रेकथ्रू! त्रेसष्ट कॅसेटी, एकाच खोक्यात. गाणी, कीर्तनं, लेकीच्या शाळेतला कॉन्सर्ट. प्लॅस्टिकची कव्हरं उगाच जागा खातात. सगळी कचऱ्यात टाकली, ट्रक येऊन घेऊनही गेला. अर्धी जागा वाचली! प्रतिमानं (लेक, वय बारा) इंग्लिशमध्ये विचारलं, आता कुठली कुठली ते कळणार कसं. म्हटलं, नंबर टाकणार. उद्या.

८ फेब्रुवारी
विनीता म्हणते, एकेक कॅसेट लावून बघ. असं धसमुसळं काम मला जमत नाही. आधी इन्व्हेंटरी. लिहायला वेळ कुणाला आहे? बोलून रेकॉर्ड केली. खोक्यातली एक बिननावाची कॅसेट घेतली आणि खोलीतली वस्तू न् वस्तू सांगितली, जवळजवळ अर्धा तास. आवाज काय लागला होता! प्रतिमा म्हणाली, आधी चेक कर, त्यात काही आहे का. हल्लीच्या पोरांचा सिस्टिमवर विश्वासच नाही.

बोलताना मानेशी कुणीतरी श्वास घेत होतं. खिडकीतून वारा येतो. खिडकी बंद होती. पण तीही जुनी आहे.

१६ फेब्रुवारी
फ्लू. पडून. नंबर राहिले.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मायलेकींनी सकाळपासून बसून खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी लावल्या. मी बाहेर बर्फ काढत होतो. ड्राइव्हवे झाला, मग शेजाऱ्यांचाही काढला. आत आलो तर विनीता डोकं धरून बसलेली. अप्पा कुठेच नाहीत. म्हणाली, सुलभानं नाव कव्हरवर लिहिलं होतं रे, कॅसेटवर नव्हतं. मी म्हटलं, नीट मोजा. बासष्ट भरल्या. त्रेसष्टावी रेकॉर्डरमध्ये होती.

जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३
लावली. मी बोलतोय. खोका नंबर चार, जुनी फोनबुकं, टाकून देणे. खोका नंबर पाच, वायरी, कशाच्या माहीत नाही, ठेवणे. एकोणतीस मिनिटं हेच. मग खट् आवाज, आणि अप्पा. तर जगू, एवढंच होतं सांगायचं. तू कामात असशील. घाई नाही, सवडीनं ऐक. मग लांब हाक मारल्यासारखं, सुलभा, ये गं, बंद कर हे.

मी ती कॅसेट कधीच ऐकली नव्हती. एक मिनिटसुद्धा नाही. आली तेव्हा कामाची डेडलाइन होती, शनिवारी ऐकू म्हटलं. बुधवारी नागपूरहून फोन आला. त्यानंतर धीर झाला नाही. कॅसेट सापडू नये म्हणूनच मी दीड महिना खोली आवरत होतो. सुलभा मशीन सुरू करून बाहेर गेली होती, तिच्यासमोर अप्पांना बोलवेना. एकोणतीस मिनिटं ते मला काय सांगत होते, ते आता कुणालाच कळणार नाही.

विनीतानं कॅसेट काढून माझ्या हातात दिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१ मार्च, सकाळी
शरयूकाकूंना कॅसेट नेऊन दिली. त्यांनी विचारलं, काय आहे रे यात. म्हटलं, अप्पांचा आवाज. काकूंनी ती हँडबॅगेत ठेवली, सामानात नको म्हणाल्या, हरवली बिरवली तर.

सोबत सुलभाला चिठ्ठी. चार वेळा लिहिली, तीन फाडली. पहिल्या तिन्हींत मशीनमध्ये बिघाड झाला होता. चौथीत एवढंच लिहिलं: कॅसेट सुरुवातीपासून लावू नकोस. आईला शेवटचंच ऐकव. त्याआधी सगळा मीच बोलतोय.