‘काही नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई

जैनथ,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

प्रिय रंजीताताईस,

हर्षालीचा वाकून नमस्कार. बेल्लमपल्लीला भाऊजींची खाणीतली पाळी आता दिवसाची झाली असेल आणि तुझी कंबर बरी असेल, असं धरून चालते. (फोन करत नाही, कारण आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो.) इकडे सगळे माझ्याशी फार गोड वागतात, आणि मला संशय येतो तो त्याचाच.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझी मैत्रीण नेहा हिच्या दंडावर लिंबाएवढी गाठ आली आहे. त्यात दोन चुका आहेत. गाठ लिंबाएवढी नाही, मोठ्या बोराएवढी आहे. लांबी अठ्ठावीस मिलिमीटर, रुंदी बावीस. आणि ती नेहाची नाही, माझी आहे. (नेहा ठणठणीत आहे. तिच्यासाठी तू पाठवलेला अंगारा मीच लावला.) शाळेत जायच्या आधी आईने मला घरी मराठी लिहायला शिकवलं, तेव्हाच सांगितलं होतं की चुकलं तर खोडायचं नाही, वरून एक रेघ मारून खाली बरोबर लिहायचं. ही ती रेघ समज.

तर १२ सप्टेंबरला आई, पंकजदादा आणि मी आदिलाबादला दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी गाठ दाबली, बोटाने इकडून तिकडे सरकवली (ती ओल्या साबणासारखी सरकते), बॅटरी लावून पाहिली, सोनोग्राफी करायला लावली आणि हिंदीत म्हणाल्या, चरबीची गाठ आहे, कापायची गरज नाही, काही करायचं नाही. भराभर वाढली, दुखली किंवा कडक झाली तर लगेच या, नाहीतर तीन महिन्यांनी दाखवा. गोळी नाही, सुई नाही, साधं मलम नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “सुई बी नाही देल्ली? मंग एवढी शिकली कायले?”

मला वेगळीच शंका आली. तुला आपले सुधाकरकाका आठवत असतील. त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत ‘काही नाही’ झालं होतं. आपल्या घरात ताप आला तर त्याला ताप म्हणतात, कावीळ झाली तर कावीळ म्हणतात. ‘काही नाही’ हे एकाच आजाराचं नाव आहे. खरं काय ते डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगतात आणि नातेवाईक बाहेर येऊन रोग्याला फळं घेऊन देतो.

आणि ताई, बाईंनी पंकजदादाला परत आत बोलावलं! मी घड्याळ पाहिलं, चार मिनिटं. तो खाली मान घालून बाहेर आला आणि स्टँडवर त्याने मला न मागता डझनभर केळी घेतली. बसमध्ये खिडकीसुद्धा दिली. आठ दिवस मी त्याच्या मागे लागले, तेव्हा कुठे म्हणाला, “अवं, मले खर्रा सोड मनली ते बाई. तोंड उघडाले लावलं अन् झाप झाप झापलं. हे काय गावभर सांगू काय?” मी विश्वास ठेवलाही असता, पण हे सांगताना त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा तोच खर्रा होता.

तेव्हापासून मला कापूस वेचायला कोणी हाक मारत नाही. बाबा टीव्हीचा रिमोट माझ्या हातात देतात. आई माझ्याच भातावर तूप घालते आणि मी पाहिलं की नजर वळवते. म्हणून मी वहीत नोंद ठेवू लागले. दर दोन दिवसांनी आईच्या शिलाई मशीनच्या टेपने मोजते. एका रविवारी गाठ एकदम चार मिलिमीटरने वाढली. मी दिवसभर जेवले नाही. (नंतर लक्षात आलं, टेपचं पुढचं टोक तुटलं आहे. आता एक सेंटिमीटर सोडून मोजते. त्या रविवारची नोंद रेघ मारून दुरुस्त केली आहे.)

एवढ्यात शेजारच्या बयनाबाई आल्या आणि आईला म्हणाल्या, “बिब्बा लाव व शकू, आठ दिसात पिकून फुटते.” आईने लगेच बिब्बा तापवला. मी म्हटलं, आधी मनगटावर एक ठिपका लावून पाहू. दुसऱ्या दिवशी तिथे हा टम्म फोड, मग सूज, मग खाज. जिला मी तीन महिने घाबरते आहे ती गाठ एकदाही दुखली नाही, आणि तिच्या औषधापायी मला चार दिवस वेणी घालता आली नाही. बयनाबाई मात्र खूश. “पाह्य, कसा गुण येऊन राह्यला!” आता येता गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी सकाळी खुद्द गाठीवर बिब्बा लावायचं दोघींनी ठरवून टाकलं आहे.

बाकी क्षेम. तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
हर्षाली

ता. क. : पत्र कशासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. मला एक नातेवाईक हवा आहे. त्याच गुरुवारी माझे तीन महिने भरतात. तू आदिलाबादला ये. बाई तुला बाजूला घेतील, ते ऐक आणि मला जसंच्या तसं सांग. माझ्या नव्या साडीला तोंडावर ‘पडदा’ म्हणणारी आपल्या घरात तू एकटीच आहेस.

ता. क. २ : आत्ता एक्केचाळिसाव्यांदा मोजली. अठ्ठावीस, बावीस. सुतभरही वाढलेली नाही. मऊ आहे, सरकते, दुखत नाही. म्हणजे बाई बहुधा खरंच बोलल्या. पण ते मला दार उघडं ठेवून, सगळ्यांच्या देखत, माझ्या तोंडावर ऐकायचं आहे. तू आली नाहीस तरी मी जाणार आहे. आईसाठी चिठ्ठी ठेवीन, खोटं बोलणार नाही. गुरुवार, १२ डिसेंबर, सकाळी सातची बस.